बोटीचं नाव नको, नंबर दे : सँक्शन्सच्या कायद्यात आपला तारवटी (बोटीवर काम करणारा) कसा अडकतो आणि सही करायच्या आधी काय काय तपासायचं

चवथीच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर चढून गणपतीवरची माटोळी बांधत होतो, तेवढ्यात डिचोलीचा भाचा आला आणि खालूनच मोबाईल वर करून दाखवायला लागला. व्हॉट्सॲपवर ऑफर आलेली. ऑइल टँकर, जॉइनिंग यूएईतल्या खोर फक्कान बंदरात, पगार मार्केटपेक्षा दीडपट, पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं सरकारी पुस्तक) उद्याच आणून द्या. "मामा, बोट बरी आहे मरे?" मी म्हटलं नाव सोड, आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा कायमचा नंबर काय? तर तो त्याच्याकडे नव्हताच. एक फोटो होता तेवढा, बोटीच्या मागच्या बाजूचा. तो मोठा करून बघितला तर नव्या नावाच्या पांढऱ्या अक्षरांखाली जुन्या नावाची अक्षरं रंगातून वर आलेली दिसत होती. बोटीचं नाव नुसतं रंगवत नाहीत, आधी वेल्डिंगने अक्षरांची कड उठवतात आणि मग रंग भरतात, त्यामुळे घाईत नाव बदललं की जुनी कड तशीच राहते आणि वरून कितीही रंग मारा, तिरप्या उन्हात दिसतेच. नाव बदलणं म्हणजे गुन्हा नाही, बोट विकली की नाव बदलतातच. पण इथे दोन नावांच्या खाली तिसरंही असावं असं वाटत होतं.

मी गोव्यात मुरगाव बंदरात एका शिपिंग एजंटकडे बावीस वर्षं कागद हलवले, त्यामुळे पेडण्यापासून काणकोणपर्यंतची पोरं असलं काही आलं की मला विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी कायद्याचं थोडं, कारण तो कळला नाही तर पुढे काय आणि का तपासतोय तेच कळणार नाही.

टीव्हीवर बातमी येते, अमेरिकेत इराणवरचे निर्बंध म्हणजे सँक्शन्स वाढवणारं बिल पास, कारण त्यांचा मिसाइल प्रोग्रॅम. आपण म्हणतो आपल्याला काय त्याचं. पण गंमत अशी की मिसाइल बनवणाऱ्याला थेट पकडता येत नाही, म्हणून कायदा पैशाच्या मागे जातो, पैसा तेलातून येतो, तेल बोटीतून जातं आणि बोटीवर आपला माणूस असतो. १९९६चा इराण सँक्शन्स ॲक्ट (तेव्हा नावात लिबियाही होता) इराणच्या तेल क्षेत्रात मोठी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी होता, बोटीवरच्या ऑयलरशी, म्हणजे इंजिनात तेलपाणी करणाऱ्याशी, त्याचं देणंघेणं नव्हतं. २०१०च्या कायद्याने इराणला पेट्रोल विकणारे आणि पोचवणारे आत आले. मग जानेवारी २०१३मध्ये सही झालेल्या कायद्यात शिपिंग, जहाजबांधणी, बंदरं, विमा असं सगळंच घेतलं. २०१७च्या ऑगस्टमध्ये काटसा नावाचा कायदा आला, त्यात इराणचा बॅलिस्टिक मिसाइल प्रोग्रॅम, रशिया आणि उत्तर कोरिया एकाच गाठोड्यात. आणि २४ एप्रिल २०२४ला जे मोठं पॅकेज सही झालं त्यात इराणची मिसाइल आणि ड्रोन यांच्यावरचा एक कायदा होता आणि दुसरा होता 'स्टॉप हार्बरिंग इराणियन पेट्रोलियम', ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'शिप' होतं. तो सरळ परदेशी बंदरं, रिफायनऱ्या आणि बोटींवरच आहे. म्हणजे जाळं तेच, भोकं दर वेळी बारीक होत गेली.

आता यात लोक दोन ठिकाणी फसतात.

एक म्हणजे "बिल पास झालं" ही बातमी. तिथे दोन सभागृहं आहेत आणि एकात पास झालं तरी आपल्याकडे हेडलाईन "पास" अशीच येते. दुसऱ्यात पण पास व्हावं लागतं, मग राष्ट्राध्यक्षाची सही. सही नसली तरी चालतं कधी कधी, २०१६च्या डिसेंबरात वर सांगितलेला १९९६चा कायदा दहा वर्षांनी म्हणजे २०२६ अखेरपर्यंत वाढवला तेव्हा ओबामांनी सहीच केली नाही आणि तो तसाच कायदा झाला. शिवाय कायद्यात सूट द्यायची सोय असते. चाबहार बंदरासाठी भारताला २०१८ला सूट मिळालेली, सप्टेंबर २०२५ला ती काढली, मग परत सहा महिन्यांची दिली. तेव्हा बिलाची बातमी वाचून बोटीवरून उतरायची घाई नको, आणि सूट आहे असं कोणीतरी बोलला म्हणून चढायचीही नको.

दुसरं, कायदा स्वतः कोणाला पकडत नाही, पकडते ती यादी. अमेरिकेच्या अर्थखात्यात ओफॅक नावाचं ऑफिस आहे, ते कायद्याने दिलेल्या अधिकारात माणसं, कंपन्या आणि बोटी यादीत टाकतं. नाव यादीत गेलं की डॉलरचा व्यवहार बंद. आणि त्या यादीतल्यांशी धंदा करणारा बाहेरच्या देशातला असला तरी त्यालाही यादीत टाकता येतं, याला सेकंडरी सँक्शन म्हणतात. आपल्या पोरांना जे भोवतं ते हेच.

"पण आपण भारतीय, आपल्याला अमेरिकेचा कायदा कुठे लागू?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बरोबरच आहे, भारताचा कायदा म्हणून तो लागू नाही. युनोच्या सुरक्षा परिषदेचे ठराव मात्र आपल्याकडे १९४७च्या कायद्यातून लागू होतात. उत्तर कोरियावरचा १७१८ नंबरचा ठराव २००६चा, त्यांनी पहिली अणुचाचणी केल्याबरोबर आलेला. मग २०१७मध्ये २३७५ने त्यांच्या बोटींशी समुद्रात बोटीला बोट लावून माल बदलायला बंदी आणली आणि २३९७ने तयार पेट्रोलियम वर्षाला ५ लाख बॅरलवर आणलं. इराणवरचे युनोचे जुने ठरावही २०२५च्या सप्टेंबर अखेरीस परत जिवंत झालेत. शिवाय आपला स्वतःचा २००५चा सामूहिक संहाराच्या अस्त्रांवरचा कायदा आहे, २०२२मध्ये त्यात पैसा पुरवण्यावर बंदी आणि मालमत्ता गोठवायची तरतूद आली. आणि अमेरिकेचा कायदा लागू नसला तरी तुमची बँक, बोटीचा विमावाला आणि क्रूझ कंपनी हे सगळे डॉलरवर जगतात, ते यादी बघतात म्हणजे बघतातच.

हे सगळं कुठवर जातं ते २०१९ला दिसलं. ग्रेस १ नावाचा टँकर इराणचं २१ लाख बॅरल तेल घेऊन चाललेला, ४ जुलैला जिब्राल्टरला अडवला. पुढे सोडला, नाव बदलून एड्रियन दर्या १ झाला, आणि ३० ऑगस्टला अमेरिकेने बोटीबरोबर तिचा चार्ज घेतलेल्या भारतीय कॅप्टनचंही नाव यादीत टाकलं. मालक नाही, कॅप्टन. पगारी माणूस.

आता तपासायचं कसं. एक संध्याकाळ पुरते, मोबाईलवर होतं, पण लॅपटॉप असला तर बरं.

पहिलं, एजंटकडून पाच गोष्टी लेखी घ्यायच्या. बोटीचं नाव, आयएमओ नंबर, झेंडा, मालक कंपनी आणि मॅनेजर कंपनी. फोनवर सांगितलेलं धरायचं नाही, मेसेजमध्ये हवं. "जॉइन झाल्यावर कळेल" असं म्हणाला तर तिथेच राम राम करा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

आयएमओ नंबर म्हणजे बोटीची जन्मखूण. नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक बदलतो, हा बदलत नाही. सात आकडे असतात आणि सातवा आकडा आधीच्या सहांवरून निघतो, म्हणून खोटा नंबर बऱ्याचदा वहीवरच पकडता येतो. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. नुसतं उदाहरण म्हणून ९०७४७२९ घ्या. ९ सात्ते ६३, शून्याचं शून्य, ७ पंचे ३५, ४ चोक १६, ७ त्रिक २१, २ दुणे ४. एकूण १३९. शेवटी ९, नंबरातही शेवटी ९, जमलं. भाच्याने दुपारी एजंटकडून नंबर मागून घेतला, मी नारळ बाजूला ठेवून वहीत गुणाकार केला, बसेना. परत केला, बसेना. म्हटलं टायपिंगची चूक असेल, कोणावर उगीच आळ नको, परत विचार. तर तोच नंबर परत आला.

तेव्हा परत फोटोवर गेलो. हा नंबर बोटीवर कायमचा कोरलेला असावा लागतो, बाहेर मागच्या बाजूला किंवा अंगावर निदान २०० मिलिमीटर उंचीच्या आकड्यात, शिवाय आत इंजिन रूमच्या बाजूलाही असतो. फोटो ताणून ताणून बघितला, चष्मा कपाळावर नेला, आणि नावाखाली बंदराचं नाव आणि त्याखाली नंबर लागला, त्यातले शेवटचे दोन आकडे एजंटने दिलेल्यापेक्षा उलटे. तो नंबर गुणाकारात बसला. चुकून उलटले की मुद्दाम ते देवाला माहीत, पण दोनदा चुकून?

आता खरा नंबर हातात आला की ओफॅकच्या साइटवर सँक्शन्स लिस्ट सर्च नावाचं पान आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. आयडीच्या खान्यात नुसता नंबर टाकून बघा, मग पुढे आयएमओ ही इंग्रजी अक्षरं लावूनही बघा. त्यानंतर नंबर काढून नाव टाका, मालक टाका, मॅनेजर टाका, प्रत्येक वेगळा. तिथे नाव किती जुळायला हवं त्याची एक पट्टी असते, ती शंभरवर असते, ती ८५च्या आसपास खाली ओढा, कारण अरबी, फारसी, कोरियन नावांची इंग्रजी स्पेलिंग दहा प्रकारची असतात. नुसतं नाव जुळलं म्हणून घाबरू नका, एका नावाच्या बोटी कितीतरी असतात. नंबर जुळला की संपलं.

आणि काही सापडलं नाही म्हणजे बोट स्वच्छ, असंही नाही. यादीतल्या माणसाची किंवा माणसांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी, स्वतः यादीत नसली तरी बंदच धरतात. म्हणून मालक बघायचा. युनोची उत्तर कोरियासाठीची बोटींची यादी, युरोपियन युनियनची आणि ब्रिटनची यादी पण बघून घ्या. रशियाच्या तेलामुळे युरोपच्या यादीत बोटींची भरपूर भर पडलीय, अमेरिकेच्या यादीत नसलेली बोट तिथे सापडते.

मग एक्वासिस. ही साइट मला सगळ्यात आवडते. फुकट आहे, फक्त ईमेलने रजिस्टर करावं लागतं. नंबर टाकला की बोटीची कुंडलीच समोर येते, आधीची नावं, आधीचे झेंडे, कुठल्या वर्षाची बोट, मालक कोण कधीपासून, कुठल्या बंदरात इन्स्पेक्शन झालं, डिटेन झाली का, विमा कोणाचा. मी बघताना तीन गोष्टींवर थांबतो. वर्षा-दोन वर्षांत दोनतीनदा झेंडा बदललाय का. मालक कंपनी परवा निघालेली आणि तिच्याकडे हीच एक बोट आहे का. आणि पी अँड आय म्हणजे विम्याचा खाना रिकामा आहे का. जगातल्या साधारण ९० टक्के टनेजचा हा विमा बारा क्लबांच्या, म्हणजे बोटमालकांच्या विमा संस्थांच्या, एका ग्रुपकडे आहे, बोट त्यातल्या कोणाकडे नसेल तर लगेच वाईट नाही, पण कोणाकडे आहे हे तरी एजंटला विचारा. विमा नसलेल्या बोटीवर हात तुटला तर पैसे कोण देणार, हा प्रश्न सँक्शन्सपेक्षा मोठा आहे असं माझं मत.

झेंड्याचं थोडं सांगतो, कारण पोरं यात हसतात. ज्या देशाला समुद्र नाही त्याचा झेंडा बोटीवर कसा, असं म्हणून लगेच फ्रॉड ठरवतात. मंगोलियाला समुद्र नाही, तरी त्यांच्या झेंड्याखाली खरोखरच्या बोटी रजिस्टर होतात. भानगड वेगळी आहे, काही बोटींवर अशा देशाचा झेंडा असतो की त्या देशाला त्याचा पत्ताच नसतो, कोणीतरी साइट काढून खोटी सर्टिफिकेटं विकत असतो. अशी बोट कायद्याने कोणाचीच नाही, बिनझेंड्याची. अडकलात तर तुमच्यासाठी भांडणारा झेंड्याचा देशच नाही. आयएमओची, म्हणजे युनोच्या जहाजवाहतुकीच्या संघटनेची, गिसिस म्हणून साइट आहे, तिथेही फुकट खातं काढून बोटीचा झेंडा खरा धरलाय की 'फॉल्स' लिहिलंय ते दिसतं.

बोट कुठे फिरली हे मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडरवर बघता येतं. फुकटमध्ये थोडंच दिसतं पण तेवढंही बोलतं. एआयएस म्हणजे बोट स्वतःची जागा सतत सांगत असते तो सिग्नल. आखातात शिरल्यावर तो चार दिवस गायब आणि मग बोट खोल बसलेली म्हणजे भरलेली बाहेर येते, किंवा मलेशियाच्या पूर्वेला बंदराच्या हद्दीबाहेर आठवडाभर दुसऱ्या बोटीला चिकटून, असं दिसलं तर माल कुठला ते विचारायला नको. पण सिग्नल गेला म्हणजे चोरीच असंही नाही, चाच्यांच्या भागात कॅप्टन सुरक्षेसाठी बंद करू शकतो, आणि कधी रिसिव्हरच कमी असतात. एकट्या या गोष्टीवरून काही ठरवू नका.

कागदावर लिहिलेलं आणि आत असलेलं यात किती अंतर असतं त्याला आपल्याच देशातलं उदाहरण आहे. १९९९च्या जूनमध्ये, कारगिल चालू असताना, कु वोल सान ही उत्तर कोरियाची बोट कांडल्याला साखर उतरवायला आली. कागदावर पेट्यांत पाणी शुद्ध करायची यंत्रं होती. कस्टमवाल्यांनी उघडल्या तर मिसाइलचे भाग. २०१३ला पनामात त्यांचीच दुसरी बोट पकडली, त्यात साखरेच्या पोत्यांखाली क्यूबाची मिग विमानं. साखरेचं काय वेड आहे कळत नाही. मुद्दा हा की खालच्या रँकच्या पोराला पेटीत काय आहे ते कधीच कळत नाही, म्हणून बोट आधी तपासायची.

मग एजंट. डीजी शिपिंगचं (भारत सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल, म्हणजे बोटीवर माणसं भरायचं, लायसन्स आहे का ते त्यांच्या साइटवर नावाने आणि नंबराने बघा, एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर विश्वास नको, पीडीएफ मी पण बनवीन. नोकरीसाठी पोराकडून पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे, तरी "प्रोसेसिंग" म्हणून मागतात. कॉन्ट्रॅक्टवर बोटीचं नाव, नंबर आणि मालक असायलाच हवा. आणि पगार कुठून येणार ते विचारा, कुठल्या देशातल्या कुठल्या कंपनीच्या खात्यातून. "दुबईत कॅश देतात, घरी माणूस पोचवेल" हे उत्तर आलं तर समजा बँकेने कंपनीला दारात उभं केलेलं नाही. साधं तुमच्या खात्यात डॉलर यायचे असतील आणि पाठवणारा यादीत निघाला तर पैसे मधेच अडकतात आणि सहा महिन्यांची ॲलॉटमेंट (पगारातून घरी येणारे पैसे) अडकली की इथे घराचा हप्ता थांबतो.

आपल्या गोव्यात क्रूझवर जाणारे जास्त, त्यांच्यासाठी एक वेगळं सांगायचंय. मधे क्रूझचं कॉन्ट्रॅक्ट नाही म्हणून एक ट्रिप टँकरवर मारून येतो, असं बरेच जण करतात. पुढे सीवन-डी व्हिसाच्या (अमेरिकेचा बोटीवरच्या कामगारांचा व्हिसा) फॉर्मात मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात. तिथे ती बोट लिहिली तर प्रश्न येणार, नाही लिहिली तर खोटं बोललात. दीडपट पगाराची सहा महिन्यांची ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांचं क्रूझचं करिअर, हिशोब ज्याचा त्याने करावा.

वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांत काम करणारे पण विचारतात, औषधांना सूट आहे ना. आहे, अमेरिकेच्या नियमांत औषधं आणि अन्नाला सूट आहे. पण बोट आणि बँक सापडायला हवी, तिथे सगळं अडतं. शिवाय काही केमिकल्स आणि यंत्रं डीजीएफटीच्या (भारताचं परदेश व्यापार खातं) स्कोमेट नावाच्या नियंत्रित मालाच्या यादीत असतात, तिथे परवाना वेगळा. तो विषय कंपनीच्या एक्स्पोर्टवाल्यांचा, इथे एवढंच.

आणि चढून बसल्यावर कळलं तर? घाबरून बंदरात उडी मारून पळायचं नाही, त्याने डेझर्शनचा, म्हणजे बोट सोडून पळाल्याचा, शिक्का बसतो आणि पगारही जातो. लॉगमध्ये खोटी एंट्री करायची नाही, कोणी सांगितलं तर लेखी सांगा म्हणायचं. एआयएस बंद करायला सांगितलं तर कोणी सांगितलं आणि किती वाजता ते स्वतःच्या डायरीत लिहून ठेवायचं. कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, नंबराचा फोटो हे घरी पाठवून ठेवायचं, नेट असेल तेव्हाच, नंतर नसतं. मग मेलने साइन ऑफ, म्हणजे रीतसर उतरवणं, मागायचं, आणि त्याची कॉपी डीजी शिपिंगला, आयटीएफला (वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि जवळच्या भारतीय वकिलातीला. युनियनचे मेंबर असाल तर युनियनलाही. फोन करा पण मेल पण करा, फोन कोणाच्या लक्षात राहत नाही.

भाच्याच्या एजंटला आम्ही फक्त एवढंच लिहिलं की फोटोतला नंबर आणि तुमचा नंबर जुळत नाही, कुठला धरायचा? दोन निळ्या टिका आल्या आणि मग तो नंबरच बंद. विसर्जनाच्या दिवशीपर्यंत भाचा माझ्यावर फुगलेला होता, कारण त्याच्या दोस्ताला तिथेच घेतलं असं त्याला कळलेलं.

आता तो एका बल्क कॅरियरवर आहे, पगार साधा, लोखंडाचा माल. जायच्या आधी घरी कालनिर्णयाच्या मागे त्याने बोटीचा नंबर, मॅनेजरचा मेल आणि आरपीएसएल नंबर लिहून ठेवला, कारण काही झालं तर आईला बोटीचं नाव इंग्रजीत सांगता येणार नाही पण आकडे वाचता येतील. परवा दूधवाल्याचा हिशोब करताना ताईने तेच पान उलटलं आणि मला फोन, "अरे, ह्याने हा सात आकड्यांचा लॉटरीचा नंबर लिहून ठेवलाय काय?"